आजी बसेल असा रोलर कोस्टर : खान्देशातल्या एका उद्यानाची निवड

पार्श्वभूमी

धुळे आणि जळगाव यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका शेतकरी कुटुंबाचं वॉटर पार्क आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नावं, पैशांचे आकडे आणि जागेची काही मोजमापं इथे दिलेली नाहीत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची मुलगी आता रोजचा कारभार पाहते, ती ताई. पंप, मोटारी आणि घसरगुंड्यांची देखभाल नानांकडे. मी यांत्रिकी अभियंता. कोणता रोलर कोस्टर आणावा हे ठरवताना तांत्रिक बाजू पाहण्यासाठी मला बोलावलं होतं.

खान्देशात वॉटर पार्कचा धंदा उन्हावर चालतो. होळी झाली की ऊन तापायला लागतं, मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि माणसं पाण्याच्या ओढीने येतात. वर्षाची बहुतेक कमाई या तीन-साडेतीन महिन्यांत होते. मृग लागला की माणसं शेतात. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात, पण तेव्हा इकडे थंडीही कडक पडते. धुळ्यात तर पहाटेचं तापमान दहाच्या खाली जातं. अशा दिवसांत कोणतेही गुरुजी मुलांना पाण्यात सोडत नाहीत. सहलीची एसटी दारात उभी, मुलं काठावर उभी, आणि त्यांना द्यायला दोन झोपाळे आणि दुपारच्या जेवणात शेवभाजी. एकदा आलेली शाळा पुढच्या वर्षी दुसरीकडे जायची.

म्हणजे कोरडा आणि थंडीतही चालेल असा एक मोठा खेळ हवा होता. आप्पांच्या मनात तो रोलर कोस्टरच होता. खोपोलीजवळच्या इमॅजिकात २०१३ साली ‘नायट्रो’ सुरू झाला, तेव्हापासून नात्यातली पोरं तिथे जाऊन येत आणि आल्यावर दोन दिवस दुसरं काही बोलत नसत. सुमारे चाळीस मीटर उंची, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग, पाय अधांतरी. आपल्या भागातल्या पोरांनी असं काही अनुभवायला सह्याद्री ओलांडून का जावं, असं आप्पांना मनापासून वाटायचं. मलाही तसंच वाटतं.

प्रश्न नेमका कोणता

पहिल्या बैठकीत प्रश्न असा मांडला गेला : खान्देशातला सगळ्यात उंच रोलर कोस्टर आणायला काय काय लागेल? त्यावर पूर्ण दुपार गेली. उंची किती, उलटे फेरे किती, महामार्गावरून किती लांबून दिसेल.

ताईंना ते पटत नव्हतं, पण त्यांनी वाद घातला नाही. पुढचे काही रविवार त्या तिकीट खिडकीच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या आणि येणारा प्रत्येक गट वहीत टिपत गेल्या. कोण आलं, कोणत्या गाडीतून आलं, पैसे कोणी दिले आणि आत गेल्यावर कोण कुठे बसलं. ती वही मी पाहिली आहे. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी कागद तोच.

मुंबई-पुण्याकडच्या उद्यानात मित्रांची टोळकी मोठ्या संख्येने येतात. इथे येतो तो गोतावळा. दोन भाऊ, त्यांच्या बायका, माहेरी आलेली बहीण, तिची मुलं, आजी-आजोबा आणि शेजारचं एखादं पोर. पैसे एकच जण देतो, बहुधा थोरला भाऊ. आत गेल्यावर मुलं आणि पुरुष पाण्यात, आणि आजी निंबाखाली चपला, मोबाईल, डबे सांभाळत संध्याकाळपर्यंत बसलेली. तिचंही तिकीट काढलेलं असतं. मोठ्या झोक्यापाशी एका आजीने पोऱ्याला विचारलं, “मना नातूले बसाले भेटी का?” नातू उंचीच्या खुणेखाली भरला, त्याला परत पाठवलं. आजी त्याला घेऊन पुन्हा निंबाखाली गेली, आणि त्यांच्याबरोबर नातवाची आईही गेली. एका खुणेने तीन माणसं खेळाबाहेर पडली.

या नोंदीनंतर ताईंनी प्रश्न बदलून फळ्यावर लिहिला : आठ-दहा जणांच्या एका घरातले किती जण एकाच फेरीत, एकाच गाडीत बसू शकतील?

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय इथेच झाला. पुढचे सगळे निर्णय पैशांचे, मातीचे आणि लोखंडाचे होते. हा एकच माणसांबद्दलचा होता.

कल्पनांची संध्याकाळ

यंत्राची माहितीपत्रकं मागवण्याआधी ताईंनी सगळ्या कामगारांना एका संध्याकाळी बसवलं. माळी, तिकीटवाले, जीवरक्षक, स्वयंपाकघरातल्या बाया, सगळे. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि सांगितलं, पैशाचा विचार करू नका, तुम्हाला ज्यात बसावंसं वाटेल तो काढा.

कागद फार सुंदर होते. एकाने सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला घोडा काढला होता. दत्ताच्या यात्रेत तिथे घोडे नाचवतात, तशी गाडी आधी थबकेल आणि मग उधळेल अशी त्याची कल्पना होती. रावेरकडच्या एका पोराने केळीच्या बागेतून जाणारा रूळ काढला, पानं दोन्ही बाजूंनी अंगाला लागतील इतक्या जवळून. कोणी तापीच्या पुरावरून उडी काढली, कोणी जळगावच्या रथोत्सवातला रथ. एका जीवरक्षकाने फक्त एक उभा खांब काढला आणि वर लिहिलं, “इथून सातपुडा दिसला पाहिजे.” त्याची ती ओळ माझ्या अजून लक्षात आहे.

पुऱ्या तळणाऱ्या मावशींनी काहीच काढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मला चित्र येत नाही, सांगते. मग त्यांनी आखाजीचा झोका सांगितला. अक्षय्यतृतीयेला माहेरवाशिणी येतात, निंबाच्या फांदीला दोर बांधतात, दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात आणि गौराईची गाणी म्हणतात. “वर गेल्यावर एक क्षण असा येतो की दोर सैल पडतो आणि पोटात गोळा येतो. त्या क्षणासाठीच सगळ्या जणी परत परत चढतात. उंच किती गेलो ते कोणी मोजत नाही.”

रोलर कोस्टर रचणारे अभियंते उंचवट्याचा आकार ठरवतात तो नेमका याच क्षणासाठी. गाडी उंचवट्यावरून जाताना शरीर सरळ पुढे जाऊ पाहतं, रूळ खाली वळतो, आणि बसणाऱ्याचं वजन घटतं. ताशी ३६ किलोमीटर वेगाने साधारण १३ मीटर त्रिज्येच्या उंचवट्यावरून गेलं, की माथ्यावर आपलं वजन नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच जाणवतं. त्यासाठी चाळीस मीटर चढायची गरज नाही. बारा मीटरवरून सुटलेली गाडी, घर्षण सोडलं तर, तळाशी ताशी ५५ किलोमीटरला पोहोचते. तेवढ्या वेगात असे तीन-चार छोटे उंचवटे सहज पार होतात.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ साली लामार्कस थॉम्पसन यांनी जो पहिला नावाजलेला कोस्टर सुरू केला, तो ताशी दहा किलोमीटरच्या आसपासच धावत होता. तिकीट पाच सेंट होतं आणि लोक रांगा लावत होते. ही गोष्ट मी त्या संध्याकाळी मुद्दाम सांगितली, कारण आप्पांच्या मनात कमी उंची म्हणजे कमी दर्जा हे घट्ट बसलं होतं.

त्या बैठकीतून तीन मागण्या निघाल्या. चार-साडेचार वर्षांचं मूल मोठ्या माणसाबरोबर बसू शकलं पाहिजे. पोटात गोळा आला पाहिजे, पण मान हिसडली जाता कामा नये. आणि वरून सातपुडा दिसला पाहिजे.

पर्याय

पहिला पर्याय आधीच दारात येऊन उभा होता. परदेशातल्या एका बंद पडलेल्या उद्यानातला वापरलेला बूमरँग एक दलाल विकायला आला होता. या जातीत गाडी उलटी ओढून उंचावर नेतात आणि सोडतात. ती तीन उलटे फेरे घेऊन दुसऱ्या टोकाला चढते आणि त्याच रुळावरून मागे येते, म्हणजे प्रवासी सहा वेळा उलटा होतो. हॉलंडच्या व्हेकोमा कंपनीने १९८० च्या दशकात हा नमुना काढला आणि जगभर विकला. पस्तीस-एक मीटर उंच, जागा कमी, महामार्गावरून लांबून दिसणारा. आप्पांना हवं ते सगळं त्यात होतं, आणि किंमत नव्या छोट्या कोस्टरच्या जवळपास.

पण या जातीच्या कोस्टरला मुलाची उंची साधारण १२० सेंटिमीटर तरी लागते. पहिली-दुसरीतली बरीच मुलं बाहेर राहतात. खांद्यावरून येणाऱ्या जाड पट्ट्यांमुळे आणि उलट्या फेऱ्यांमुळे आजी-आजोबा, मणक्याचे रुग्ण, गरोदर बाया असे सगळेच बाहेर. ताईंच्या वहीतल्या गोतावळ्यातले निम्मे निंबाखालीच बसले असते.

दुसरा पर्याय जवळच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरचा. त्याने जत्रेतले पाळणे बनवले होते आणि मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवून म्हणाला, असाच करून देतो, निम्म्या पैशांत. माणूस कामाचा, वेल्डिंग सुबक. पण ताणांची गणितं नाहीत, थकव्याने लोखंडाला भेगा कधी पडतील याचा हिशोब नाही, चाकांच्या आराखड्याचे कागद नाहीत. कोस्टरच्या डब्याला वरची, बाजूची आणि रुळाखालची अशी तीन प्रकारची चाकं असतात. उंचवट्यावर गाडी रुळावर धरून ठेवण्याचं काम खालची चाकं करतात. त्या चाकाचा एक बोल्ट चुकीच्या पोलादाचा असला तरी माणूस जाऊ शकतो. अहमदाबादेत कांकरिया तलावाजवळ जुलै २०१९ मध्ये झुलता पाळणा मोडून दोघांचा जीव गेला, तेव्हाची छायाचित्रं नानांनी पाहिली होती. हा पर्याय नानांनीच नाकारला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिसरा पर्याय बंद शेडमधला, अंधारातला, वातानुकूलित कोस्टर. उन्हाळ्याचा प्रश्न सुटतो म्हणून तो काही दिवस सगळ्यांना आवडला. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून सत्तावीस माणसं गेली. बंद शेडमध्ये शंभर-दीडशे माणसं, बाहेर पडायचे मार्ग, धूर ओढणारी यंत्रणा, पाण्याची टाकी हे सगळं नीट करायचं तर खर्च यंत्राच्याही वर जात होता. अर्धवट करायचं नाही, यावर एकमत झालं.

उरले दोन. एक, फिरत्या बैठकीचा वाइल्ड माऊस. चार माणसांची छोटी गाडी वळणावळणांवर स्वतःभोवती फिरते, समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांचे चेहरे पाहतात. दोन, साधा कौटुंबिक कोस्टर. साखळीने वर जाणारी वीस आसनांची एकच गाडी, मांडीवर येणारा दांडा म्हणजे लॅप बार, सुमारे बारा मीटर उंची आणि मोठ्या माणसाबरोबर एक मीटरच्या आतबाहेरचं मूलही बसू शकेल असा.

निर्णयाचे टप्पे

बूमरँग सोडणं सर्वांत अवघड गेलं. आप्पांनी दलालाला जवळपास शब्द दिला होता. इथे उंचीच्या खुणेचा मुद्दा पुरेसा ठरला नाही, आप्पांना पटली ती कागदपत्रांची आणि सुटकेची बाजू. यंत्राची तपासणी-वही मागितली तेव्हा मधल्या काही वर्षांची पानंच नव्हती. कोणत्या सांध्यांची भेगांसाठी चुंबकीय तपासणी झाली, कोणता खांब बदलला, काही कळत नव्हतं. मी त्यांना लंडनच्या बॅटरसीतली १९७२ ची दुर्घटना सांगितली. तिथे ओढणारा दोर सुटला, गाडी मागे घसरली, मागे घसरू न देणारी खिट्टीही चालली नाही आणि पाच मुलं गेली. लाकडी, जुना कोस्टर होता आणि रोज चालत होता. चढावर कट-कट आवाज येतो तो याच खिट्टीचा. तो नुसता ऐकू येऊन भागत नाही, तिची तपासणी झाल्याची नोंद हातात लागते.

मग नानांनी विचारलं, “वीज गेली आणि गाडी पस्तीस मीटरवर अडकली तर तिथून माणसं उतरवणार कोण? आपल्याकडे एवढी शिडी कोणत्या अग्निशमन दलाकडे आहे?” आप्पा बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून दलालाला नाही म्हणून सांगितलं. दिलेला शब्द मागे घेणं आमच्याकडे सोपं नसतं. त्यांनी ते केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

वाइल्ड माऊस की कौटुंबिक कोस्टर, हा वाद जास्त बरोबरीचा होता. वाइल्ड माऊस कमी जागेत मावतो आणि तरुणांना जास्त आवडतो. समोरासमोर बसण्याचा आनंदही आहेच. पण त्यात सात-आठ गाड्या, म्हणजे कितीतरी जास्त चाकं आणि बेअरिंग, आणि इथली उन्हाळ्यातली धूळ. एका वेळी चारच जण बसणार, म्हणजे घर पुन्हा तुकड्यांत. शिवाय वळणांवरचे झटके म्हाताऱ्या कमरेला सोसत नाहीत. एका शाळेच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “माझी पन्नास मुलं एकत्र गेली पाहिजेत. अर्धी वर, अर्धी खाली असली की माझं लक्ष दोन्हीकडे राहत नाही.” वीस आसनांची गाडी, अडीच मिनिटांची फेरी धरली तर कागदावर तासाला ४८० माणसं होतात. चपला काढणं, पदर खोचणं यात वेळ जाऊन प्रत्यक्षात कमीच होणार, तरी एक एसटीभर मुलं तीन फेऱ्यांत बसतात. कौटुंबिक कोस्टर ठरला.

उत्पादकाकडे त्याच किमतीच्या आसपास दोन तयार आराखडे होते. एकात शेवटी गोल गोल उतरणारं वळण, दुसऱ्यात शेवटी तीन छोटे उंचवटे. दुसऱ्याला जागा जास्त लागत होती. मावशींचा झोका बैठकीतल्या सगळ्यांना आठवला आणि दुसरा घेतला. यावर चर्चा झालीच नाही.

जागा हा शेवटचा मोठा टप्पा. महामार्गालगतची पुढची जागा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण ती काळी कसदार जमीन. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात ती फुगते. कपाशीला उत्तम, पायाला वाईट. कोस्टरचे दोन खांब काही मिलिमीटरने जरी वेगवेगळे वर-खाली झाले, तरी रूळ पिळला जातो. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, वापरता येतात, पण तितक्या सगळ्या खांबांखाली त्या घालायच्या तर खर्च वाढत होता. मागच्या बाजूला मुरमाची टेकडी होती. पाया सोपा, चढ आयता, आणि माथ्यावरून स्वच्छ दिवशी उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. तोटा एवढाच की महामार्गावरून जाणाऱ्याला कोस्टर दिसत नाही. ताई आणि आप्पा यांच्यात इथे खरा मतभेद झाला. शेवटी माती तपासणीचा अहवाल वाचून आप्पांनीच टेकडी निवडली.

अंमलबजावणी

परवानग्या, कर्ज, आयात यांत ठरवल्यापेक्षा जास्त वेळ गेला. त्याचा तपशील कंटाळवाणा आहे, म्हणून ऊन, वारा आणि कपडे या तीनच गोष्टी सांगतो.

उन्हाचा पहिला परिणाम लोखंडावर. शंभर मीटर पोलाद पस्तीस अंशांनी तापलं की चार सेंटिमीटरच्या आसपास लांबतं. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांच्यात रुळाच्या तापमानात त्याहून जास्त फरक पडतो, कारण उन्हातलं लोखंड हवेपेक्षा पुष्कळ तापतं. आराखड्यात त्याची सोय असते, पण उत्पादकाच्या गणितात खान्देशचा उन्हाळा धरलाय का, हे आम्ही लेखी विचारून घेतलं. गाडीला गडद लाल रंग ठरला होता, तो बदलून फिकट पिवळा केला. आसनांवर काढता येणारी कापडी गादी आली. रांगेवर पत्रा न टाकता बांबूची चटई आणि हिरवी जाळी टाकली, पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. एप्रिल-मे मध्ये बारा ते चार कोस्टर बंद आणि रात्री उशिरापर्यंत चालू, असं वेळापत्रक केलं.

वारा इथे मेच्या शेवटी आणि जूनमध्ये अचानक सुटतो. त्याच वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात. टेकडीवर वारामापक बसवला आणि उत्पादकाने दिलेल्या मर्यादेवर फेरी थांबवायचा अधिकार यंत्र चालवणाऱ्या मुलाला दिला. आप्पा समोर उभे असले तरी त्यांना न विचारता थांबवायची, हे लिहून भिंतीवर लावलं. ब्रेक चुंबकीय घेतले. वीज गेली तरी ते काम करतात. चढावाच्या बाजूने पायऱ्या आहेत. सुरू होण्याआधी गाडी मुद्दाम चढावर थांबवून माणसं उतरवण्याचा सराव झाला, आणि त्यात मावशीही बसल्या होत्या.

कपड्यांचा प्रश्न परदेशी माहितीपुस्तिकेत नव्हताच. इथे नऊवारी येते, सहावारी येते, ओढणी येते, लग्नातला फेटा येतो. सैल पदर चाकाशी जाणं म्हणजे सरळ मृत्यू. चढायच्या फलाटाआधी एक आडोसा केला आणि तिथे एक बाई कायम बसवली. ती पदर खोचून देते, ओढणी गाठ मारून कमरेला बांधून देते, लागली तर मोठी पिन देते. चष्मा आणि मोबाईलसाठी फडताळ. मावशींच्या सुनेला ते काम मिळालं. पहिल्या आठवड्यात तिने एका म्हाताऱ्या बाईंचा काष्टा इतका नीट बसवून दिला, की त्या बाई फेरीनंतर परत येऊन तिच्याजवळच बसल्या आणि आणखी दोघींना बोलावून आणलं.

परिणाम

कोस्टर दिवाळीला सुरू व्हायचा होता, झाला हिवाळा अर्धा उलटल्यावर. त्या वर्षीच्या अर्ध्या सहली हुकल्या. उरलेल्या मात्र आल्या, आणि पुढच्या हंगामात काही शाळांनी स्वतःहून फोन केला, हे आधी कधी घडलं नव्हतं.

आजी बसतात. हा परिणाम मी सर्वांत वर ठेवतो. पहिल्या फेरीला बहुतेक जणी नको म्हणतात, मग नातू खाली येऊन हात ओढतो. शेवटच्या तीन उंचवट्यांवर पूर्ण गाडीतून एकच आवाज येतो, आणि त्यात कोण सहा वर्षांचं आणि कोण साठीचं हे ओळखू येत नाही. आखाजीच्या आठवड्यात माहेरवाशिणींचे गट संध्याकाळी येतात. ताईंनी त्या आठवड्यात आणखी उशिरापर्यंत दिवे चालू ठेवायला सुरुवात केली आहे.

कॉलेजची मुलं मात्र नाराज आहेत. “एवढंच?” हा शब्द फलाटावर रोज ऐकू येतो. त्यातली बरीचशी पुन्हा येत नाहीत. हा तोटा खरा आहे आणि निर्णय घेतानाच तो माहीत होता. महामार्गावरून कोस्टर दिसत नसल्याने नवा माणूस आपोआप वळत नाही, त्यासाठी फलक आणि जाहिरातीचा खर्च दरवर्षी करावा लागतो.

पहिल्या मे महिन्यात काही चाकांवरचं पॉलियुरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचं, आवरण सुटायला लागलं. नानांना ते सकाळच्या तपासणीत दिसलं, बोटाने चाचपताना कड उचललेली लागली. त्यांनी त्याच क्षणी कोस्टर बंद केला. बदली चाकं साठ्यात पुरेशी नव्हती. ती येईपर्यंत ऐन हंगामात गाडी उभी राहिली. पाण्याच्या खेळांमुळे गर्दी टिकली, पण कोस्टरसाठी लांबून आलेल्या लोकांना पैसे परत द्यावे लागले.

वेगळं काय करता आलं असतं

माती तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी होती. ती दलालाशी बोलणी सुरू झाल्यावर झाली. आधी झाली असती तर पुढची जागा आणि उंच कोस्टर, दोन्हींची चर्चा पहिल्याच आठवड्यात वेगळ्या वाटेने गेली असती आणि आप्पांवर शब्द मागे घ्यायची वेळ आली नसती.

चाकांचा एक पूर्ण जादा संच खरेदीच्या करारातच लिहून घ्यायला हवा. युरोपातल्या उन्हाळ्यावर आधारलेला सुट्या भागांचा साठा इथे पुरत नाही. हे सांगायला कोणताही उत्पादक आपणहून येत नाही, विचारावं लागतं. आता नाना दर मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधी, सगळी चाकं मोजतात आणि ज्यांच्यावर शंका आहे ती आधीच बदलतात.

सुरू करण्याची तारीख जाहीर करायची घाई झाली. दिवाळीच्या जाहिराती छापून झाल्या होत्या. आयातीचं यंत्र आणि खान्देशचा पावसाळा या दोन्ही गोष्टी हातात नसताना सण धरून तारीख देऊ नये. शाळांना सहलीच्या आधी एक सत्र पुरेल इतकीच सूचना द्यावी, आणि तीही चाचणी फेऱ्या पार पडल्यावर.

तरुण मुलांना कल्पनांच्या संध्याकाळी बोलावलंच नव्हतं. कामगार होते, शाळेच्या बाईंना नंतर विचारलं, पण जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतलं कोणी नव्हतं. त्यांच्यासाठी त्याच गाडीत काही करता आलं असतं का, याचा विचार झाला नाही. शेवटच्या डब्यात बसलं की उंचवट्यावर जास्त उचललं जातं, रात्री दिवे मालवून फेरी केली की तीच वळणं वेगळी लागतात. आता रात्रीची एक फेरी अशी सुरू झाली आहे आणि तिला मुलं येतात. ही सोय पहिल्या दिवसापासून असती तर “एवढंच?” कमी ऐकू आलं असतं, असं मला वाटतं.

पुढच्या काळ्या जमिनीत आता मोजणीचे खुंट रोवले आहेत. माती किती फुगते, किती बसते याची दोन पावसाळ्यांची नोंद झाल्याशिवाय तिथे काही उभारायचं नाही, असं आप्पांनी ठरवलं आहे. तरुणांसाठीच्या खेळाची बैठक त्यानंतर होईल. त्या बैठकीला कॉलेजच्या मुलांना कोरे कागद द्यायचे आहेत, आणि शेवटच्या डब्यासाठी रोज भांडणाऱ्या दोघा-तिघांची नावं ताईंनी आत्ताच वहीत लिहून ठेवली आहेत.